चार वाजताचं हळदीकुंकू

अरुणा दाबकेच्या घरचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्या वर्षी संध्याकाळऐवजी दुपारी चारला झालं, आणि तेवढ्यावरून लोकांनी तिच्या नवऱ्याला देशद्रोही ठरवलं. हसू नका. दिल्लीत यापेक्षा कमी पुराव्यावर माणसं बुडाली आहेत.

मुरलीधर दाबके विजेच्या ग्रिडच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर. विजेसाठी अख्खा उत्तर भारत एकाच पंगतीला बसतो, एकानं ओरबाडून वाढून घेतलं की सगळी पंगत उठते, असं ते पटपडगंजच्या आपल्या सोसायटीत भेटेल त्याला, न विचारता, समजावून सांगायचे. उन्हाळ्यात लोड चढला की घरी फोन करून "बादल्या भरून ठेव गं" म्हणायची त्यांची जुनी सवय. बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. अरुणा बादल्या भरायची, दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यानं बाल्कनी धुवायची आणि वर चिडवायची, "काय हो, पडली नाही वाटतं तुमची ग्रिड?"

त्या दिवशी फोन आला तेव्हा ती कैरीची डाळ वाटत होती. हात बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर. समोर सुरेखा वेलची सोलत बसली होती. सुरेखा खालच्या मजल्यावरची. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी दिल्लीत आल्या, एकीनं दुसरीला हिंदीत भाजीवाल्याशी भांडायला शिकवलं. अरुणाला मूल नाही. सुरेखाचा यतीन निम्मा हिच्याच घरी जेवून वाढला.

"पानिपतकडची एक लाइन कामासाठी बंद ठेवलीये," मुरलीधर सांगत होते, "आणि उकाडा हा असा. आणखी एखादी गेली तर अंधार पडल्यावर काही खरं नाही. पाणी भर."

"अगं बाई, मग आमच्या ह्यांचं मशीन?" सुरेखाच्या हातातली वेलची खालीच पडली.

तिचे हे म्हणजे भालचंद्र. दिल्लीच्या हवेनं त्यांची फुप्फुसं पार खाऊन टाकली होती. दिवसरात्र नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन. घरचा इन्व्हर्टर इतका म्हातारा, की लाईट गेल्यावर थोड्याच वेळात मान टाकायचा. सुरेखानं तिथूनच दुकानात फोन लावला आणि भरलेला सिलिंडर मागवला. मग म्हणाली, "ए, हळदीकुंकू चारलाच घे ना. संध्याकाळी मी ह्यांच्याजवळ असलेली बरी."

"चालेल की," अरुणा म्हणाली, आणि डाळीच्याच बोटानं बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. मैत्रिणींनो, हळदीकुंकू आज चार वाजता, हे म्हणालेत की संध्याकाळी लाईटचं काही खरं नाही. झालं. एवढाच तिचा गुन्हा.

बायका चारला आल्या, घामानं निथळल्या, डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी घेऊन गेल्या. दिवेलागणीला लाईट गेली, ती पंजाबपासून पार पूर्वेपर्यंत. मेट्रो बोगद्यात अडकल्या. एका हॉस्पिटलात जनरेटर चालूच झाला नाही, आणि तिथली मशीनवरची माणसं उजाडेपर्यंत राहिली नाहीत. भालचंद्र मात्र त्या सिलिंडरवर तरले. सकाळी सुरेखा वर धावत आली, अरुणाच्या गळ्यात पडली आणि ढसाढसा रडली. "भावजींनी कुंकू राखलं गं माझं!" हे तिचेच शब्द. लक्षात ठेवा.

मग टीव्हीवर घातपात सुरू झाला. ग्रिड पडली नाही, पाडली. आतल्या कुणीतरी पाडली. सरकार म्हणे चौकशी करू. लोक म्हणे सरकार लपवतंय. कुणाचा कुणावर विश्वास नाही, आणि अशा वेळी लोकांना एक चेहरा लागतो. तो यतीननं दिला. गुडगावच्या कुठल्याशा ऑफिसात मॅनेजर होता तो. आईच्या फोनवरचा तो मेसेज त्यानं उचलला आणि इंटरनेटवर टाकला. यांना आधीच कसं ठाऊक होतं, एवढंच वर लिहिलं. संध्याकाळी कार्टा इस्त्रीचा शर्ट घालून चॅनेलवर! "हम तो इन्हें काका कहते थे जी." ज्या तोंडानं अरुणाच्या हातचा वरणभात खाल्ला, त्याच तोंडानं.

दुसऱ्या दिवशी चौकशीवाले आले आणि मुरलीधरांना घेऊन गेले. सोसायटीच्या गेटवर कुणीतरी लाल रंगात 'गद्दार' लिहिलं, खाली फ्लॅटचा नंबर. कामवाली यायची बंद झाली. मीटरच्या खोलीत जाऊन कुणीतरी त्यांचा फ्यूज काढून नेला, बस तूही अंधारात म्हणून. अरुणा ऐन उकाड्यात मेणबत्तीवर राहिली. जिन्यात भेटलेल्या बायका तिला बघून पदर सावरून भिंतीला टेकायच्या, जणू हिला शिवलं तर त्यांचीही लाईट जाणार.

तरी तिच्या मनात धाकधूक नव्हती. सुरेखा आहे ना. सुरेखानं फोन स्वतःच्या कानांनी ऐकलाय, चारची वेळ तिनंच सुचवलीये. एवढं तिनं सांगितलं की संपलं सगळं. ती खाली गेली.

"तू समोर होतीस गं. हे अंदाजानं बोलत होते, नेहमीसारखं. तेवढंच सांग त्यांना. माझ्याबरोबर चल, दोन वाक्यं बोल."

सुरेखानं आतल्या खोलीकडे बघितलं. आत यतीन फोनवर कुणाशी तरी जोरात हसत होता. मशीन भसभस करत होतं. पलंगावर भालचंद्र जागे होते, त्यांनी हळूच तोंड भिंतीकडे केलं.

"मला नाही बाई आठवत," सुरेखा म्हणाली.

"आठवत नाही? तू सिलिंडर मागवलास माझ्या स्वयंपाकघरातून!"

"सिलिंडर आम्ही नेहमीच मागवतो. अरुणा, प्लीज. यतीन टीव्हीवर बोलून बसलाय, आता मी वेगळं सांगितलं तर त्याची नोकरी जाईल. तू जा बघू. कुणी पाहिलं तर आमच्यावर येईल."

अरुणा जिना चढून वर आली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली. नवऱ्यासाठी कमी आणि सुरेखासाठी जास्त, हेही खरं.

मुरलीधरांना ज्यांनी नेलं, त्यांना एकच गोष्ट हवी होती, कुणाच्या सांगण्यावरून केलंस. ते बापडे त्यांनाही पंगत समजावत राहिले. ती माणसं हसली, मग त्यांना उभं करून ठेवलं, झोपू दिलं नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच विचारलं. पावसाळ्यात सोडलं तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि तोंडून शब्द निघत नव्हता. चहा गोड झालाय की अगोड, तेही सांगेनात. थंडीत अहवाल आला. एका लाइनचं संरक्षण करणारं यंत्र नको तेव्हा चाललं, ती लाइन बंद पडली आणि तिनं बाकीच्याही लाइनी खाली ओढल्या. घातपात नाही, कुणाचा हात नाही. पेपरात आतल्या पानावर, कोपऱ्यात. ज्यांनी त्यांना गद्दार म्हटलं होतं ते आता म्हणाले, बघा, दाबून टाकलं प्रकरण! नोकरी परत मिळाली, पण कंट्रोल रूम नाही. ट्रेनिंगच्या इमारतीत एक खुर्ची. गेटवरचा शब्दही सोसायटीनं रंगवून झाकला होता, तोसुद्धा गणपतीला बाहेरचे पाहुणे येणार म्हणून.

पुन्हा चैत्र आला. अरुणानं गौर झोपाळ्यावर बसवली, पण बोलावणार कुणाला? हळदीकुंकू सुरेखाकडे होतं, संध्याकाळी, हे तिला लिफ्टमधल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं.

त्या दुपारी मुरलीधर घरीच होते, बाल्कनीत फोन घेऊन. ग्रिडवर किती ताण आहे त्याचा आकडा आता कुणालाही फोनवर दिसतो. तो बघत बसणं एवढंच जुन्या नोकरीतलं त्यांच्याकडे उरलं होतं. बराच वेळ बघितल्यावर ते वर्षभरात पहिल्यांदा आपणहून बोलले.

"पाणी भर गं."

अरुणा लगेच उठली. तिनं नळ सोडला.

"आणि खाली सांगून ये. भालचंद्रचा सिलिंडर भरून आणा म्हणावं. दुकान उघडं असेल अजून."

"त्यांना? त्यांना सांगू मी?" ती कडाडली. "त्यांनी काय केलं तुमचं, विसरलात?"

"माणूस श्वासावर आहे, अरुणा," मुरलीधर म्हणाले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. "जा. माझं ऐक."

खरं सांगायचं तर ती सांगायलाच गेली. दार उघडंच होतं, उंबऱ्यात रांगोळी, आत तयारीला आलेल्या दोन-तीन बायका. सुरेखा हातात कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आली. दारात सवाष्ण उभी, हातात कुंकू, आणि चैत्राचा महिना. सुरेखानं नुसतं बोट बुडवून पुढं केलं असतं ना, तरी अरुणानं सगळं सांगितलं असतं, वर स्वतः दुकानात धावली असती. सुरेखानं करंड्याचं झाकण लावलं.

"काही काम होतं का?"

अरुणानं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. कोपऱ्यात सिलिंडर उभा होता, त्याच्यावर भरतकामाचं कापड आणि कापडावर मोगऱ्याची परडी. त्या रात्रीपासून वर्षभर कुणी तो भरून आणला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

वर येऊन तिनं दार लावलं. मुरलीधरांनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

त्यांचा चेहरा किती दिवसांनी निवळला. म्हणाले, चहा टाक, आलं घालून. दोघं बाल्कनीत चहा प्यायले. खालून बायकांचं हसणं ऐकू येत होतं, बांगड्या वाजत होत्या. मग लाईट गेली. यमुनेपलीकडेही एक दिवा दिसेना. खाली कुणीतरी "अय्या!" म्हणालं, थोडं हसू झालं, इन्व्हर्टरचा मिणमिणता उजेड आला, बायका पांगल्या. थोड्या वेळानं तो उजेडही गेला.

जिन्यात पावलं वाजली, आणि सुरेखा दार बडवायला लागली.

"भावजी! लाईट केव्हा येईल? ह्यांना श्वास येत नाहीये हो!"

मुरलीधर धडपडत उठले. "सिलिंडर लावा ना, वहिनी!"

"रिकामा आहे! दुकानाचा फोन लागत नाही!"

"रिकामा कसा? अरुणा दुपारी सांगून गेली ना तुम्हाला?"

"नाही हो! काही नाही म्हणाली. देवाशपथ, भावजी, ती काही बोललीच नाही!"

मुरलीधर वळले. अरुणा मागे मेणबत्ती घेऊन उभी होती. सुरेखा खरं बोलत होती. शपथेवर, रडत, जीव तोडून खरं बोलत होती.

"मी सांगितलं होतं," अरुणा म्हणाली. "तिला आठवत नसेल."

मुरलीधरांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा सुरेखाकडे. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्हाला कधीच काही आठवत नाही." आणि ते अनवाणीच अंधारात जिना उतरायला लागले. सुरेखानं एकदा अरुणाकडे बघितलं आणि ती त्यांच्या मागे पळाली.

खालून मुरलीधरांच्या हाका ऐकू यायला लागल्या, भालचंद्र, अरे भालचंद्र. ओ येत नव्हती. अरुणानं दार लोटलं, भरल्या बादलीतून तांब्याभर पाणी घेऊन हातपाय धुतले आणि गौरीपुढं निरांजन लावलं.