पैकीच्या पैकी

धर्माळे सरांच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीची पोरं नुसती कागदावर. सगळी अमरावतीला क्लास लावून बसलेली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तेवढी उगवायची, आणि सरही पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळे व्हायचे. रोज यायची ती एकटी दीपमाला, भाजीपाला पिकवणाऱ्या घरची. "सर, लॅब उघडता काय?" म्हणून मागं लागायची.

"तुझ्या एकटीसाठी कुठं उघडू? मार्कांची काळजी करू नको." सरांनी दिला शब्द पाळला. लॅबचं कुलूप मात्र गंजलं.

सहा वर्षांनी अकोल्याच्या बाजारात ती वांगी तोलताना दिसली.

"बीएस्सीचं काय झालं गं?"

"सोडली, सर. पह्यल्याच प्रॅक्टिकलले ब्युरेट कशी धरतात तेच मले येईना. पोट्ट्या हासल्या. मंग मी गेलीच नाही."

माफी मागावी म्हणून सरांनी तोंड उघडलं, तोवर तिनं पिशवीत दोन वांगी जास्तीची टाकली.

"तुमी तर मले तीसपैकी तीस देल्ले होते, सर," ती ओशाळून म्हणाली. "मीच कमी पडली."