कोपऱ्यावरची चाळीस माणसं

पाच चाळीसला चौक तुंबायचा. रोज, न चुकता. आठवडाभर वाहतूक विभागातल्या ओ चिंग-रूच्या डोक्याला हाच ताप होता, आणि आज तर तिला जेवणाचा डबाही उघडवला नव्हता.

चौक तसा साधाच, तैवानच्या दक्षिणेकडल्या एका शहरातला. पण नव्या यंत्राच्या चाचणीसाठी तोच निवडायला लावला होता चिंग-रूने, आणि त्यामागे तिचा स्वार्थ होता. तिची आई चौकाच्या पलीकडे राहायची. जुना सिग्नल चालणाऱ्यांना पंचवीस सेकंद द्यायचा, आणि आईचा गुडघा पार कामातून गेलेला. अर्ध्या रस्त्यात दिवा लाल झाला की स्कूटरवाले हॉर्न मारून म्हातारीचा जीव नकोसा करायचे. नवं यंत्र तसं नव्हतं. कॅमेऱ्यातून बघायचं, कुठे किती जण थांबलेत ते मोजायचं, आणि सिग्नलचं नियोजन आपल्या बुद्धीने करायचं. कुणी सावकाश चालत असेल तर हिरवा लांबवायचं. ते कसं चालतं हे बघायला आज पाच चाळीसला उपमहापौर बाई नियंत्रण कक्षात येणार होत्या. पसंत पडलं तर यंत्र राहणार, नाहीतर आईच्या नशिबी पुन्हा पंचवीस सेकंद.

"आज चौक तुंबला तर तू आणि मी पार्किंगच्या पावत्या फाडत बसू," विभागप्रमुख फांग साहेब म्हणाले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"तुम्ही जरा खाली बसा ना, साहेब."

"कसा बसू? तुझं यंत्र म्हणतं, कोपऱ्यावर चाळीस माणसं रस्ता ओलांडायला उभी आहेत. म्हणून गाड्या अडवतं, त्यांना हिरवा देतं, आणि ओलांडत कुणीच नाही. भुतं आहेत की काय ती? भुतं फिरतात तो भुतांचा महिना तर कधीच संपला."

पडद्यावर माणसं म्हणजे नुसते निळे ठिपके. आठवडाभर सगळे ठिपकेच बघत बसले होते. तीन वाजता चिंग-रूने वैतागून काल संध्याकाळचं खरं चित्रीकरण उघडलं, आणि तिला हसूच फुटलं.

"साहेब, हे लोक कचरा घेऊन उभे आहेत. कचरागाडीची वाट बघतायत."

"गाडीची वाट कशाला बघायची?"

"मग कचरा टाकणार कुठे? रस्त्यावर ठेवला तर दंड. गाडी गाणं वाजवत येते, तेव्हा आपल्या हाताने आत टाकायचा."

"आमच्या टॉवरमध्ये तळमजल्यावर कचऱ्याची खोली आहे बुवा," साहेब जरा ओशाळून म्हणाले.

यंत्राला शिकवणारे सगळेच टॉवरवाले. आणि लहानपणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर पिशवी घेऊन उभी राहिलेली ही बया आठवडाभर आकडे चाळत बसली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! तिने घाईघाईने यंत्राला हुकूम लिहिला: साडेपाच ते सहा, या कोपऱ्यावर थांबलेल्यांना मोजू नये. कालच्या वाहतुकीवर चालवून पाहिलं. चौक मोकळा. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

पाच चाळीसला उपमहापौर बाई आल्या. रस्ते झरझर वाहत होते. बाई मान डोलवत होत्या, साहेब टक्केवारी सांगत होते. तरी चिंग-रूचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. तिने शेजारच्या पडद्यावर खरं चित्र लावून ठेवलं होतं. गाडी आली, पिशव्या पडल्या, लोक पांगले.

एक बाई मात्र राहिली. फुलाफुलांचा सदरा, रिकामी बादली, एका पायावर भार. चिंग-रूच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी अलीकडे थांबते, घर पलीकडे. येताना यंत्राने आईला मोजलं असणार, नीट येऊ दिलं असणार. पण आता परतताना ती कोपऱ्यावरची झाली होती, म्हणजे न मोजायची.

लाल. मग पुन्हा लाल. तिने फोन लावला. वाजत राहिला, कचरा टाकायला जाताना फोन कोण नेतं? आईने वाकून दिव्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि पाय रस्त्यावर टाकला.

चिंग-रूने चारही बाजू लाल करणारं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

एक स्कूटर आईच्या बादलीला घासून थांबली. मग सगळंच थांबलं. मोठ्या पडद्यावर चारही रस्ते तांबडे होत गेले.

"अगं, काय केलंस हे?" साहेबांचा आवाज चिरकला.

"माझी आई जातेय."

आई दुभाजकापाशी थांबली, गुडघा चोळला, पुन्हा निघाली. चिंग-रूला रडू येत होतं, आणि लाजेने मान वर करवत नव्हती.

"यंत्राला ह्या दिसल्याच नाहीत?" उपमहापौर बाईंनी विचारलं.

"नवीन आहे ना, बाई, चुकतं कधीकधी," साहेब घाईने म्हणाले. "यंत्रच ते."

हीच पळवाट होती. हो म्हटलं असतं तर कदाचित सगळं निभावून गेलं असतं. चिंग-रूने बटणावरचं बोट काढलं नाही.

"त्याला दिसत होती," ती म्हणाली. "मीच त्याला सांगितलं, तिथे कुणी नाही म्हणून."