मिनिटाला बावन्न

नसबंदीचा धडा मी दरवर्षी जुलैत शिकवते. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये एका बॅचला दोनशे दहा मुलं असतात, आणि नीटच्या परीक्षेत या धड्यावर एखादा प्रश्न येतोच. मुलांना सांगायचा मुद्दा एवढाच, की ही शस्त्रक्रिया खात्रीची असते, पण ती उलटवता येण्याची शक्यता फार कमी. मुलं त्याखाली रेघ मारतात. मी फळा पुसायला घेते.

त्या फार कमी शक्यतेतून माझा जन्म झाला. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मायला दोन मुलं होती, पाच वर्षांची समीक्षा आणि तीन वर्षांचा आदर्श, आणि तिचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली होती. तीस सप्टेंबरच्या पहाटे आमच्या गावातली दगडमातीची माळवदी घरं बसली. दोन्ही मुलं गेली. अण्णा, म्हणजे माझे वडील, अहमदपूरला शाळेवर होते म्हणून वाचले. मायला दुपारी बाहेर काढलं. पुढच्या वर्षी, मुलं गमावलेल्या बायकांच्या नळ्या पुन्हा जोडून देण्याची सोय झाली, तेव्हा तीही गेली. तिच्याबरोबर गेलेल्या सगळ्यांनाच मूल झालं असं नाही. तिला झालं. पंचाण्णवच्या डिसेंबरात मी जन्मले आणि माझं नाव समीक्षाच ठेवलं गेलं.

पहिल्या समीक्षाचा फोटो नव्हता, तो घराबरोबर गेला. म्हणून दर तीस सप्टेंबरला माय माझा पाच वर्षांची असतानाचा फोटो कपाटातून काढते आणि त्याच्यापुढं मेणबत्ती लावते. लहानपणी मला यात काही वावगं वाटत नसे. मी त्याच खोलीत बसून अभ्यास करायची.

मायनं मला विहिरीकडं फिरकू दिलं नाही, सायकल शिकू दिली नाही, शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. झोपताना तिची तीन बोटं माझ्या मनगटावर असत, अंगठ्याच्या मुळाशी, डॉक्टर धरतात तशी. ही सवय इतकी जुनी की तिचं कारण मी कधी विचारलं नाही. अण्णा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो आणि लातूरच्या दोन खोल्यांत एका अंथरुणावर झोपू लागलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि तेव्हाही बोटं तिथंच होती.

लातुरात परीक्षा संपली की मुलं आपल्या सायकली विकून गावी जातात. तशी एक मी घेतली आणि क्लासच्या मागच्या शेडमध्ये ठेवली. पहाटे साडेचारला घराबाहेर पडले तरी मायला नवल वाटत नसे. या गावात पहाटे रस्त्यावर असणारी माणसं क्लासचीच असतात. पहिले पंधरा दिवस मी शेडच्या भिंतीला धरून सायकल चालवली. सहा महिन्यांनी चाकूरला जाऊन परत येऊ लागले. मग कुणीतरी नांदेडच्या गुरुलिंग सरांचं नाव सांगितलं. पोहण्याचे निवृत्त प्रशिक्षक. ते विष्णुपुरीच्या जलाशयात आठ-दहा जणांना लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी तयार करत होते. एक पूर्णांक नऊ दशांश किलोमीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल, एकवीस किलोमीटर धावणं, सगळं एका दमात, साडेआठ तासांच्या आत. पुढच्या फेब्रुवारीत, समुद्रावर.

मायला सांगितलं की क्लासनं नांदेडला शाखा काढली आहे आणि रविवारची बॅच माझ्याकडे आहे. शाखा खरंच निघाली होती. बॅच दुसऱ्याच्या नावावर होती. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं मी निघे, नांदेडला मैत्रिणीकडे राही आणि पहाटे पाण्यावर पोचे.

सर खेकसत नसत. टोमणे मारत. पहिल्याच दिवशी मला हातपाय आपटताना बघून म्हणाले, "मॅडम, पाण्याशी भांडू नका. ते काही तुमच्या वर्गातली पोरं न्हाई गप बसायला." मला कंबरेएवढ्या पाण्यात चेहरा बुडवायला तीन रविवार लागले. चौथ्या महिन्यात मी पहिल्यांदा काठापासून दूर गेले. दोन्हीकडे सारखंच पाणी होतं. तिथं मला कळलं की मी हे कशासाठी करते आहे. त्या पाण्यात मला कुणीही धरलेलं नव्हतं. जन्मल्यापासून पहिल्यांदा. त्या शर्यतीत मला पदक नको होतं. एवढंच हवं होतं, सगळ्यांच्या देखत, सुरुवातीच्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत, एकटीनं.

मी वही ठेवली होती. रोज जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, स्वतःची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची आणि लिहायची. नाडी दाखवणाऱ्या स्मार्ट घड्याळातल्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता. सुरुवातीला शहात्तर होती. सहा महिन्यांनी पासष्ट. वर्षानं अठ्ठावन्न. दिवाळीच्या सुमाराला बावन्न. हृदय मोठं आणि बळकट झालं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग त्याला कमी वेळा धडधडावं लागतं. वहीतले ते उतरते आकडे मी कुणाला दाखवू शकत नव्हते, पण माझ्या आयुष्यातला तो पहिला निकाल होता जो फक्त माझा होता.

त्याच महिन्यांत माय वाळत गेली. भाकरी अर्धी टाकू लागली. डोळ्यांखाली काळं आलं. मला झोपेतून हलवून उठवू लागली. "समे, ऊठ. पाणी पी." का, तर उगीच. एकदा चिडून मी म्हटलं की मला झोप हवी असते, दुसऱ्या दिवशी दोन लेक्चर असतात. ती "हाव" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठवलं. वयामुळं झोप कमी झाली असेल असं मी धरून चालले. मी जीवशास्त्र शिकवते. समोर पडलेल्या दोन निरीक्षणांचा संबंध मला लावता आला नाही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ती क्लासच्या दारात येऊन उभी राहिली. हातात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी होती. सकाळी सातपासून रांगेत उभं राहून तिनं केसपेपर काढला होता, माझ्या नावाचा. वॉचमनला म्हणाली, "माझी लेक बाहेर पाठवा, तिला बरं न्हाई." मी लाजेनं तिच्याबरोबर गेले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. बहुधा लातूरच्याच कुठल्यातरी क्लासमधून गेलेल्या. त्यांनी ईसीजी काढला, कागद दोनदा पाहिला आणि हसल्या. मायला म्हणाल्या, "मावशी, घाबरू नका. एक्कावन्न ठोके आहेत, पण हे खेळाडूचं हृदय आहे. फार छान आहे." मग मला, "काय करता? पळता?"

खोटं बोलायला एक क्षण होता. मी तो जाऊ दिला. म्हटलं, पळते, पोहते, सायकल चालवते.

घरी आल्यावर मायनं चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून बसली. दुपारचे दोन वाजले होते. मी सगळं सांगून टाकलं, शेड, नांदेड, जलाशय, फेब्रुवारी. ती ऐकत होती की नाही ते कळेना. मग तिनं विचारलं, "नाडी मुद्दाम कमी केलीस?"

मी म्हटलं, मुद्दाम नाही, सरावानं होते.

तेव्हा तिनं मला ते सांगितलं. माझ्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. पहाटे जाग आली तेव्हा ती कंबरेपर्यंत दगडमातीत होती. आदर्शचा आवाज आलाच नाही. समीक्षा पलीकडं दबली होती, दिसत नव्हती, पण एका फटीतून तिचा हात मायच्या हाताला लागला. फक्त मनगट. मायनं ते धरलं. पोरगी आधी रडत होती, मग बोलत होती, मग गप्प झाली, पण मनगटात उडत होतं.

"आधी लई जोरात उडत व्हतं, चिमणीवानी," माय म्हणाली. "मला वाटलं, हाय, जित्ती हाय. मग हळू झालं. मी म्हणत राहिले, समे, झोपू नको. मग लई हळू. एक उडायचं अन् मी वाट बघायची. एक उडायचं अन् वाट बघायची. दिस वर आला तवर वाट बघितली."

रक्तस्रावात नाडी आधी जलद होते आणि अखेरीला मंदावते. तिनं सांगितलेला क्रम अगदी बरोबर होता. तिला नाडी हा शब्दही तेव्हा माहीत नव्हता.

मी तिला समजावलं. वही आणली. हृदयाचं चित्र काढलं, मुलांना काढून देते तसं. झडपा, कप्पे, एका ठोक्यातलं रक्त. तिनं चित्र नीट पाहिलं.

"तुझं पुस्तक खरं असंल," ती म्हणाली. "माझ्या हाताला पुस्तक वाचता येत न्हाई, बाई."

थोड्या वेळानं म्हणाली, "तू जा. पव. मी काय धरून ठिवलंय व्हय तुला?"

त्या दिवसापासून तिनं आपलं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. मनगट मोकळं झालं. मी आणखी दोन रविवार नांदेडला गेले. दुसऱ्या रविवारी मी जलाशयात न थांबता दोन किलोमीटर पोहले, अठ्ठेचाळीस मिनिटांत. काठावर सरांनी टॉवेल पुढं केला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. म्हणाले, "झालं तुमचं काम. आता फक्त समुद्र खारट असतो एवढं लक्षात ठेवा."

त्या दुपारी घरी पोचले तर दार लोटलेलं होतं. माय पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसली होती. उजव्या हाताची तीन बोटं स्वतःच्याच डाव्या मनगटावर होती आणि ओठ हलत होते. ती मोजत होती. चुलीवरची, म्हणजे गॅसवरची भाकरी करपून काळी झाली होती आणि तिला वास आला नव्हता.

मी दाराशी किती वेळ उभी होते ते मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कुणाला काही सांगितलं नाही, तिला तर नाहीच. रविवारचं नांदेड बंद झालं एवढं म्हटलं. सरांचा फोन आला. पाण्याची भीती बसली का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. ते म्हणाले, पुढच्या साली बघू. सायकल अर्धापूरहून शिकायला आलेल्या एका मुलीला देऊन टाकली.

वही मात्र चालू ठेवली. डिसेंबर मध्य, पंचावन्न. जानेवारीचा पहिला आठवडा, साठ. जानेवारी अखेर, सहासष्ट. जिना चढून क्लासमध्ये पोचले की मला पहिल्यासारखी धाप लागू लागली. इतक्या महिन्यांनी मिळवलेलं शरीर इतक्या सहज परत जातं हे मी वाचलेलं होतं. अंगावर पाहिलेलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या त्या रविवारी मी घरीच होते. सकाळी सात वाजता तिकडं सगळे पाण्यात उतरले असतील. साडेतीन वाजता जे उरले ते रेघ ओलांडत असतील. आम्ही वरण-भात खाल्ला. जेवणानंतर मी आतल्या खोलीत आडवी झाले. थोड्या वेळानं माय आपली चटई घेऊन आली, माझ्या शेजारी टाकली आणि आडवी झाली. तीन महिन्यांनी पहिल्यांदा तिनं माझं मनगट शोधलं. बोटं जागेवर बसली. मी हलले नाही.

मीही आतल्या आत मोजत होते. एक मिनिट पूर्ण झालं. बाहत्तर.

"आता बरी झालीस," माय म्हणाली. आणि तिला झोप लागली.