जुन्या पिनबॉलच्या तीन घंट्या

नंदकिशोरला दिसेनासं झालंय हे त्याच्या बायकोला, शुभाला, आणि मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. माहीत होतं फक्त डोळ्यांच्या डॉक्टरला. शुभाला कळलं तर ती आपल्याला एकट्याने घराबाहेर पडू देणार नाही, या धास्तीने त्याने तोंड शिवून घेतलेलं. आणि मी रोझारिओ, त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त. माझे डोळे ठणठणीत असून मला काही दिसलं नाही, याचा राग अजून जात नाही.

मरोळ गावठाणात आमच्या ओट्यावर एक जुनं पिनबॉल आहे, काचेखाली गोळी उडवायच्या खेळाचं मशीन. जिमखान्याने भंगारात काढलं तेव्हा मी उचलून आणलं. आत कॉम्प्युटर वगैरे काही नाही. तारा, स्विच आणि तीन खऱ्या घंट्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. पोलादी गोळी कुठे आपटली ते सुरावरून कळतं. दर रविवारी नंदकिशोर रिक्षाने यायचा आणि मला हरवायचा. गेलं वर्षभर तर मान वाकडी करून, काचेकडे न बघता हरवायचा. मला वाटायचं, शहाणा भाव खातोय.

मी नव्या मशीनच्या बाजूचा. घाटकोपरच्या एका मॉलमध्ये नवं पिनबॉल आलेलं. त्यात पडदा, गाणी, पळते दिवे. गोळी सुटल्या सुटल्या हातची गेली तर मशीन ती परत देतं. आमच्या जुन्याला असली दयामाया नाही, गेली ती गेली. नंदकिशोर म्हणायचा, नवं नुसती बडबड करतं, कामाचं काही सांगत नाही. मी म्हणायचो, घाबरलास. महिनाभर टोचून टोचून शेवटी मी त्याला मेट्रोत बसवलंच. शुभाही आली, तिला तिथे चादरी घ्यायच्या होत्या.

पहिली गोळी सुटली. गाणं सुरू झालं, धडाधड स्फोट, वर कुणीतरी सारखं ओरडतंय. गोळी सरळ खाली आली आणि बटण दाबलं की तिला परत वर उडवणाऱ्या दोन फ्लिपरच्या मधून निघून गेली. त्याचं बोटही हललं नाही. मशीनने ती परत दिली. तीही तशीच गेली. नंदकिशोर मान वाकडी करून ऐकत उभा होता. त्या गोंगाटात तो काहीतरी शोधत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आलेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला स्वतःची लाज वाटली.

शुभा शेजारीच उभी होती, तिचं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. पुढची गोळी सुटली तशी मी मशीनला खांद्याने जोरात धक्का दिला. असं ढकललं की मशीन ‘टिल्ट’ दाखवतं, फ्लिपर बंद पडतात आणि ती गोळी फुकट जाते. तसंच झालं. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो की मशीन फालतू आहे, जरा हात लागला की मरतं, जुनंच बरं, मी हरलो. आमच्या भांडणांत इतक्या पटकन मी कधी हार मानली नव्हती.

नंदकिशोरने बटणांवरचे हात काढले.

“मशीनला नावं ठेवू नकोस, रोझारिओ,” तो म्हणाला. “चांगलं असेल ते. मला दिसत नाही.”

शुभाने चादरींची पिशवी खाली ठेवली आणि कधीपासून, एवढंच विचारलं. तो म्हणाला, गेल्या दिवाळीच्या आधीपासून. समोर बघितलं की मधोमध काळं, कडेकडेचं तेवढं थोडं दिसतं.

आता ती तोंड सोडेल असं मला वाटलं. 

“पाडव्याला नवी साडी नेसून ओवाळायला आले,” ती म्हणाली, “तेव्हा रंग खुलून दिसतोय म्हणालात. अहो, मी दिवसभर खूश होते.”

“कुठला रंग होता गं?” त्याने विचारलं.