मुलींच्या दाराचं कुलूप

थोरल्या लेकीला महिन्यात दुसऱ्यांदा ताप आला आणि किल्लीवाल्याच्या जिवाला घोर लागला. "पोरगी दिवसभर पाणीच पीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच चाललं तर मूत्रपिंडावर बेतेल."

घरी आईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे थोरली बोलली. शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप आहे. जायला जागाच नाही, मग पाणी पिऊन करायचं काय? वर्गातल्या दोघींनी तर शाळाच सोडली होती.

"मग तूही घरी बस," आई म्हणाली. "सोमवारपर्यंत उघडलं तर ठीक. शिर सलामत तो पगडी पचास."

सोमवारी किल्लीवाला हत्यारांची पिशवी घेऊन लेकीबरोबर शाळेत गेला.

"किल्ली हरवलीय हो," मुख्याध्यापक म्हणाले. "वर कळवलंय. उत्तर आलं की बघू."

"मी फुकट उघडून देतो, साहेब."

"असं कसं? नियम असतात."

तिथेच घोडं अडलं. नियम किल्लीवाल्याचाही होता, बापाने घालून दिलेला: मालकाने सांगितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. त्या नेमावरच लोक त्याला विश्वासाने घरात घेत. शिवाय साहेब चिडले आणि पोरीचं नाव काढून टाकलं तर? करायला जावं एक आणि व्हावं भलतंच. पाय ओढत तो बाहेर आला, तर थोरली त्या बंद दाराशीच उभी होती, तापाने उतरलेल्या तोंडाची.

वाकून त्याने तिला विचारलं, "उघडू?"

तिने होकारार्थी मान हलवली.

एरवी असलं कुलूप तो चुटकीसरशी काढायचा. आज तार दोनदा निसटली. अखेर कुलूप निघालं. आतली कडी नीट लागते ना, ते पाहून त्याने थोरलीला आत सोडलं आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि बघता बघता मुलींची रांग लागली.

मुख्याध्यापक तरातरा आले. "कुणाला विचारून उघडलंत हे?"

गेली पोरीची शाळा, आपणच घालवली, असं किल्लीवाल्याला वाटलं.

मागे कडी वाजली. मोठ्यांपुढे कधी ब्र न काढणारी थोरली बाहेर आली आणि बापाच्या पुढे उभी राहिली.

"मला विचारून," ती म्हणाली.