आखूड पायाखालचा कागद

मी एक जुना पाय आहे. माणसाचा नव्हे, टेबलाचा. एका हॉटेलात भिंत आणि खांब यांच्या बेचक्यात दोन माणसांचे एक टेबल आहे, त्याचा चौथा पाय मी. मित्रांनो, माझे तीन भाऊ मापात उतरले आणि मी तेवढा अर्धे बोट आखूड निघालो. सुतार म्हणाला, "खाली कागदाची घडी सारा, कळायचंसुद्धा नाही." एवढे बोलून त्याने हात झटकले. तेव्हापासून कोणाच्या ना कोणाच्या कागदावर मी दिवस काढतो आहे.

मला दिसतात ते गुडघे, मोजे आणि बूट. तोंडे कधी दिसली नाहीत. आलेली माणसे म्हणतात, "काय छान कोपरा आहे!" कौतुक कोपऱ्याचे होते. पायाची आठवण निघते ती टेबल डुगडुगले की, तीही शिव्या घालायला. कोपरा सोडून जावे असे मला कितीदा वाटले, पण पाय असून चालता येत नाही, ही माझी गत.

एका शनिवारी संध्याकाळी दातांच्या डॉक्टरकीचा एक विद्यार्थी आला. नखांत पांढरे प्लास्टर होते, पण बूट मात्र चकचकीत. येताच त्याने विचारले, "काका, दोघांसाठीच सांगितलं होतं ना?"

"दोघांसाठीच आहे. इथे तिसऱ्याचं कोपरसुद्धा मावत नाही," वेटरकाका म्हणाले.

मग त्याने खिशातून एक कागद काढून मांडीवर ठेवला आणि पुटपुटत पाठ करू लागला. "सोमवारी तू वर्षभरासाठी दुसऱ्या गावी जाशील. त्याआधी एक सांगायचं आहे. चार वर्षं मी तुझ्या शेजारच्या बाकावर..." इथे तो अडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. त्याचा गुडघा माझ्यावर सारखा आपटत होता. मला त्याची फार काळजी वाटली.

दार उघडले. मी बूट मोजले. एक जोडी, दोन जोड्या... चांगल्या पाच जोड्या!

"पार्टी!" कोणीतरी ओरडले.

त्यांच्या बॅचची एक रीत होती. ज्याचा दातांचा साचा सर पहिल्या फटक्यात पास करतील, त्याने साऱ्या बॅचला खाऊ घालायचे. याचा साचा शुक्रवारी पास झाला होता, आणि त्याच आनंदाच्या भरात याने शेजारच्या बाकावरच्या मुलीला विचारले होते, "उद्या जेवायला येशील?" एवढी हिंमत चार वर्षांत पहिल्यांदा झाली आणि नेमकी त्या दिवशी झाली. त्यात ती मुलगी सगळ्यांची कामे अंगावर घेणारी. बॅच तिला मुकादम म्हणत असे.

"तू काही कोणाला सांगणार नाहीस, लाजरा कुठला! म्हणून मीच सगळ्यांना घेऊन आले," ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली. तिच्यावर रागावताही येईना.

काकांनी आणखी दोन टेबले ओढून आम्हाला जोडली. "तू आत बस, पार्टी तुझी आहे," म्हणत सगळ्यांनी त्याला भिंतीकडे ढकलले. एका अंगाला बॅचमधला लंब्या, दुसऱ्या अंगाला ढोल्या, पाठीशी भिंत आणि पोटाशी टेबल. समोर ती, हाताच्या अंतरावर, आणि मध्ये बाकी चौघांचा कल्ला. टेबलाखाली त्याने तो कागद मुठीत आवळून धरला होता. मला वाटले, बाबा रे, आता तू आणि मी एकाच दावणीचे.

सूप आले आणि टेबल डुगडुगले; ओढाताणीत माझ्याखालची जुनी घडी निसटली होती. सूप सांडले. शिव्या मला बसल्या.

"थांबा," म्हणत मुकादम खाली वाकली. "अरे वा, बूट चमकवून आलायस की! आणि हा कागद कसला रे? दे इकडे."

"अगं, तो..."

"कामाचा आहे का?"

वरचा गोंगाट अचानक थांबला. सगळे त्याच्याकडेच पाहत असणार. त्याचा गुडघा गपकन थांबला. मित्रांनो, मी जन्मात कधी एवढा जीव मुठीत धरला नव्हता. 'हो' म्हण, वेड्या, एकदा 'हो' म्हण!

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

तिने कागदाच्या चार घड्या केल्या आणि माझ्याखाली सारल्या. टेबल दगडासारखे घट्ट झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जेवण हसतखेळत झाले. निघताना ती दारातून मागे फिरली. "आज एवढा गप्प का होतास रे?"

"पोट भरलं," तो म्हणाला.

"वेडाच आहेस. जाते मी, पत्ता कळवते," म्हणून तिचे बूट गेले. ढोल्या उठला, लंब्या उठला, वाट मोकळी झाली. हा बसूनच राहिला.

काका पुसायला आले. त्यांनी सारे पाहिले असावे. "तुझा कागद काढून देऊ का, बाळा?"

"राहू द्या काका. डुगडुगेल."

तो गेला. पुन्हा आला नाही. मित्रांनो, तो कागद अजून माझ्याखाली आहे. अक्षर न् अक्षर माझ्या टाचेला टेकलेले आहे, पण मला ना वाचता येते, ना सांगता. तुमच्यात कोणी सुतार असेल तर एकदा या. मला फक्त अर्धे बोट लाकूड जोडा. मी पाय उचलतो. तुम्ही तेवढा कागद तिला नेऊन द्या.