डावी बाजू

“साइडकिक म्हणजे नेमकं काय, ताई?” ह्यांनी विचारलं.

कचेरीतल्या मुलीने संगणकावरून मान वर केली नाही. “सोबती, आजोबा. मेन माणसाच्या बाजूला असतो ना, तो.”

नाट्यगृहाच्या दारातल्या भिंतीवर जुन्या कलावंतांचे फोटो लागणार होते. प्रत्येक फोटोखाली नाव आणि एक इंग्रजी शब्द. ह्यांचे रंगमंचावरचे जोडीदार अंगाने जाड, म्हणून सगळे त्यांना फुगा म्हणायचे. मी भावजी म्हणत असे. ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या नावाखाली ‘कॉमेडियन’ असं आधीच ठरलं होतं. ह्यांच्या नावाखाली हा नवा शब्द आला होता.

ह्यांनाही कॉमेडियन हवं होतं. तसं बोलले नव्हते, पण आदल्या दिवशी नातीकडून त्या शब्दाचं स्पेलिंग कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद सदऱ्याच्या खिशात होता आणि ह्यांचा हात खिशावर.

मला राहवेना. “अगं, हेसुद्धा कॉमेडियनच की! एकतीस वर्षं दोघांनी एकत्र कामं केली.”

“पण आजी, हसवायचे ते ना? आजोबा तर...” ती अडखळली. “आजोबा मार खायचे. जोकर लिहू का मग?”

“जोकर नको,” हे म्हणाले. “पत्त्यांत तो जास्तीचा असतो.”

मार खायचे हे खरंच. प्रत्येक प्रयोगात भावजी ह्यांना लाथ मारायचे, आणि ती नेहमी डाव्या बाजूलाच बसायची. नाटकमंडळीचे कपडे मीच शिवत असल्याने ह्यांच्या विजारीला डावीकडे आतून कापसाची गादी घालणं माझ्याकडे होतं. कापूस दबला की उसवायची, पुन्हा भरायची. तरी आता जिना चढताना तोच डावा खुबा धरून चढतात.

एकदा मी वैतागून म्हटलं होतं, “नुसतं पडायचंच तर असतं. त्यात कसली एवढी तालीम?”

तेव्हा म्हणाले होते, “लाथ बसली की मनात दोन मोजायचे आणि मग पडायचं. एकवर पडलो तर लोक हळहळतात. तीनवर पडलो तर कंटाळतात. हसू दोनवरच असतं. हे फुग्याला माहीत आहे, मला माहीत आहे. लोकांना कळायची गरज नाही.”

मुलगी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट पाहत होती.

“किक म्हणजे लाथच ना, ताई?”

“हो, पण इथे तसा अर्थ नाही हो...”

“तसाच आहे. डाव्या साइडला.”

बोलून हे थांबले. चेहरा कोरा. मी सवयीने मनात मोजलं. एक. दोन.

मुलगी अशी हसली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने फाइल खाली ठेवून पाहिलं.

ह्यांनी खिशावरचा हात काढला. “लिहा. साइडकिकच लिहा.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “अहो, कागद का नाही काढलात?”

“दोघंही कॉमेडियन म्हटल्यावर लाथ कोणी खाल्ली म्हणायचं?”

घरी तो सदरा धुवायला टाकताना कागद माझ्या हाती लागला. मी तो माझ्या सुयांच्या डबीत घडी घालून ठेवला.

फोटो लागले त्या दिवशी बरीच गर्दी होती. भावजींची सून आली होती. भाषणं झाली. मग फोटोग्राफरने ह्यांना भिंतीपुढे एकट्यालाच उभं केलं. कॅमेऱ्यातून पाहत तो म्हणाला, “काका, जरा मधे सरका. तुमच्या डावीकडे फार मोकळं दिसतंय.”

हे “बरं” म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. डाव्या हाताला एका जाड माणसापुरती जागा सोडून.